मधला पडदा काढल्यावर

विज्ञानात अधिकार चालत नाही, सिद्धता चालते. अकोल्यातल्या ज्या महाविद्यालयात मी शिकवतो, तिथल्या भौतिकशास्त्र विभागाच्या दारावर हे वाक्य निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं आहे. त्याच्याखाली ज्यांच्या शुभहस्ते या वाक्याचं अनावरण झालं त्यांचं नाव आहे, हुद्द्यासकट, आणि ते वाक्यापेक्षा मोठ्या अक्षरात आहे.

मी तिथे तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचं मानधन, सुट्टीत काही नाही, आणि दर पावसाळ्यात माझ्याच जागेसाठी माझी नव्याने मुलाखत. त्या मुलाखतीत मला दर वर्षी विचारतात, शिकवण्याचा काही अनुभव आहे का? मी दर वर्षी सांगतो, आहे. ते ऐकून समिती समाधानाने मान डोलावते, जणू योगायोगाने बरा माणूस हाती लागला.

राहतो अमरावतीला. रोज बडनेऱ्याहून गाडी धरायची, मूर्तिजापूरला वडेवाला खिडकीशी आला की निम्मा रस्ता संपला असं समजायचं, आणि अकोल्याला उतरून पायी कॉलेज गाठायचं. सोबतीला रसायनशास्त्राचा एक मित्र असतो. तो बडनेऱ्याचा. घरी उर्दू, वर्गात मराठी आणि भांडणात दोन्ही. तोही तासिका तत्त्वावरच. आम्ही दोघे डब्यात बसलो की शेजारचे प्रवासी हळूहळू उठून दुसरीकडे जातात, कारण आम्ही एन्ट्रॉपीवर भांडतो.

आता ज्या गणितामुळे हे सगळं झालं, ते सांगायला हवं. घाबरू नका. आमच्या विद्यार्थ्यांनी या गणिताला घाबरायचं सोडून फार वर्षं झाली आहेत. ते त्याला पाठ करतात.

एक बंद डबा आहे. मध्ये पडदा. दोन्ही बाजूंना एकच वायू, समजा हेलियम. कणांची संख्या सारखी, तापमान सारखं, दाब सारखा. मधला पडदा अलगद काढून घेतला. एन्ट्रॉपी किती वाढली? एन्ट्रॉपी म्हणजे, झालेली गोष्ट पुन्हा पहिल्यासारखी करणं किती अवघड होऊन बसलं त्याचं माप, एवढं सध्या पुरे. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला शाई असती तर पडदा काढल्यावर ती मिसळली असती, आणि पडदा परत बसवून काही उपयोग झाला नसता. एन्ट्रॉपी वाढली. पण दोन्हीकडे पाणीच असेल तर? पडदा काढा, पडदा बसवा. काहीही झालेलं नाही. उत्तर शून्य.

एवढं साधं उत्तर कागदावर काढायला मात्र क्वांटम मेकॅनिक्सकडे जावं लागतं. हेलियमच्या प्रत्येक अणूला स्वतःचं नाव असल्यासारखं मोजत गेलो, तर पडदा काढल्यावर प्रत्येकाला फिरायला दुप्पट जागा मिळाली असा हिशेब होतो आणि उत्तर येतं टू एन के लॉग टू, ज्यात एन म्हणजे एका बाजूच्या कणांची संख्या आणि के हा एक ठरलेला स्थिरांक. क्वांटम मेकॅनिक्स म्हणतं, अणूंना नावं नसतात. या अणूच्या जागी तो अणू आला, हे म्हणण्यालाच काही अर्थ नाही, कारण हा आणि तो असा भेदच नाही. म्हणून नावं देऊन जेवढ्या रचना मोजल्या असतील त्यांना एन फॅक्टोरियलने, म्हणजे एकपासून एनपर्यंतच्या सगळ्या आकड्यांच्या गुणाकाराने, भागायचं; लिहिताना एनपुढे उद्गारचिन्ह. भागलं की जादा आलेलं सगळं कापलं जातं. हे मी वर्गात समजावताना सांगतो, की तासिका तत्त्वावरची दोन माणसं आपसात बदलली तर कॉलेजच्या स्थितीत काही फरक पडतो का? पोरं हसतात. त्यांना ते लगेच कळतं.

अडचण अशी की वऱ्हाडात याचं उत्तर टू एन के लॉग टू आहे.

ते तसं आहे कारण आमच्या सरांनी ते तसं सांगितलं आहे. सर म्हणजे या भागातले या विषयातले सर. नाव न घेता नुसतं 'सर' म्हटलं की बुलढाण्यापासून यवतमाळपर्यंत सगळ्यांना कळतं. मीही त्यांच्या शेवटच्या काही बॅचपैकी एकीतला. निवृत्त होऊन बराच काळ झाला, पण त्यांच्या नोट्स अजून सेवेत आहेत. आधी त्या हाताने उतरवल्या जायच्या, मग झेरॉक्स झाल्या, आता मोबाइलवर फिरतात. माझ्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर आहेत, माझ्या शिक्षकांच्या कपाटात होत्या, आणि या भागात पेपर काढणारे आणि पेपर तपासणारे सगळे त्यांच्यावरच वाढले. त्या नोट्समध्ये एन फॅक्टोरियल नाही. सरांनी वर्गात ते सांगितलं नाही, वर्गाने ते लिहिलं नाही, आणि पुढे त्या वर्गातले शिक्षक झाले. पुण्यामुंबईत हेलियम कसा वागतो ते तिकडचे पाहून घेतील. आमच्याकडे तो शिस्तीत वागतो, प्रत्येक अणू हजेरी देतो.

मी शून्य शिकवायला लागलो तेव्हा वर्गाने ते शांतपणे ऐकून घेतलं. सगळी मांडणी झाल्यावर पातूरहून येणारी एक हुशार मुलगी उभी राहिली. तिचे वडील समाजकल्याण खात्यात, आई अंगणवाडीत, आणि घराण्यातून एम.एस्सी.पर्यंत आलेली ती पहिली.

"सर, समजलं. शून्यच येते. पटलं बी."

"छान."

"आता पेपरात काय लिहाचं, ते सांगा."

मी म्हणालो, जे पटलं ते लिही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की हा माणूस चांगला आहे पण याच्याकडून आयएमपी मिळणार नाही. आयएमपी म्हणजे परीक्षेला येऊ शकणाऱ्या प्रश्नांवर शिक्षकाने स्वहस्ते केलेली खूण. आमच्याकडे शिक्षकाची किंमत त्यावर ठरते. पेपरात तिने टू एन के लॉग टू लिहिलं आणि पूर्ण गुण घेतले. मला राग यायला हवा होता. पण तिने काय करायला हवं होतं, ते मलाही सांगता आलं नसतं.

मी सरांना विचारलं नाही असं नाही. अमरावतीत एका चर्चासत्रात त्यांचा सत्कार होता. सकाळी दीपप्रज्वलन. पंखा सुरू, त्यामुळे काडी विझायची. पंखा बंद करायला सांगितलं तर माइकही बंद पडला, कारण दोन्ही एकाच बटणावर. मग पाच मान्यवर पाच वाती लावेपर्यंत सभागृह घामाने आणि आदराने भिजलं. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात सरांना 'ज्ञानसूर्य' म्हटलं होतं, आणि वाचणाऱ्याने तो शब्द दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा टाळ्या कमी पडल्या. चहाच्या वेळी मी गर्दीतून वाट काढत सरांपर्यंत पोचलो.

"सर, तुमच्या नोट्समधलं ते पडद्याचं गणित. त्यात एन फॅक्टोरियलने भागायला हवं ना?"

सरांनी बिस्किट चहात बुडवलं. "तू कोणत्या बॅचचा?"

मी सांगितलं.

"तेव्हा तुझं उत्तर आलं होतं ना?"

"आलं होतं सर."

"मग आता काय झालं?"

बिस्किट चहात पडलं. सर चमच्याने ते शोधायला लागले आणि माझ्यामागून कोणीतरी त्यांच्या पाया पडायला पुढे घुसलं. माझा वैज्ञानिक वाद एवढाच.

तो तिथेच राहिला असता. पण पुढच्या वर्षी अमरावतीतल्या एका महाविद्यालयाने भौतिकशास्त्राच्या एका कायम जागेची जाहिरात दिली. पूर्ण वेळ, कायम, आणि आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर. यापूर्वी या भागात माझ्या प्रवर्गात, माझ्या विषयात अशी जाहिरात आली तेव्हा मी स्वतः एम.एस्सी.ला होतो. पुढची कधी येईल ते सांगायला ज्योतिषीही तयार होणार नाही. माझी पात्रता परीक्षा झालेली होती, पीएच.डी. झालेली होती, शोधनिबंध होते. मला ही जागा हवी होती. हे साधं वाक्य मुद्दाम लिहितोय, कारण नंतर लोकांनी माझ्याबद्दल तत्त्वनिष्ठ वगैरे शब्द वापरले. मला तत्त्व नको होतं. मला जागा हवी होती.

मुलाखत समितीत विषयतज्ज्ञ म्हणून सर असणार, हे जाहिरातीच्या आधीच सगळ्यांना माहीत होतं. आणि सर प्रत्येक मुलाखतीत तेच गणित विचारतात, हे त्याहूनही आधीपासून.

गाडीत मित्राने विषय काढला. "भाई, एक बात सांग. तुले नोकरी पाहिजे का उत्तर पाहिजे?"

"दोन्ही मिळू नये असं काही आहे का?"

"हाय ना. मी केमिस्ट्रीवाला आहे, मले माहीत हाय. एक बनते तं दुसरं जळते." मग म्हणाला, "अबे, लॉग टू लिहून टाक. खुदा हेलियमले समजावून सांगन."

घरी बायकोचं मत आणखी स्पष्ट होतं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. घरात कायम नोकरी असलेली एकटी तीच, आणि पगाराच्या दिवशी ती हे बोलून दाखवत नाही, हा तिचा मोठेपणा आहे.

"तिसरीतल्या पोट्ट्यालेबी कळते, गुरुजीले जे पाहिजे ते लिहाव," ती म्हणाली. "तुमाले काहून नाही कळत?"

"ते चूक आहे गं."

"चूक असू द्या ना. तुमी थोडीच केली ती चूक? ज्यानं केली तो पाहीन." तिने भाजीवर झाकण ठेवलं. "रोज त्या गाडीत धक्के खात जाता, संध्याकाळी येता तं तोंडातून शब्द निघत नाही. मले तुमचं उत्तर नको. मले तुमी घरी पाहिजे."

मी 'पाहतो' म्हणालो. 'पाहतो' हा आमच्या घरात होकारच समजला जातो. खरं म्हणजे माझा निर्णयही झाला होता. एन फॅक्टोरियल गिळायचा, लॉग टू लिहायचं, सरांना नमस्कार करायचा आणि घरी यायचं.

मुलाखत संस्थेच्या अध्यक्षांच्या दालनात होती. दालनात सोफा, काचेच्या कपाटात ट्रॉफ्या, टेबलावर चार पुष्पगुच्छ आणि त्यांच्यामागे चार माणसं. मधोमध अध्यक्ष. ते वरूडचे, संत्र्याचे मोठे व्यापारी. आजोबांनी काढलेली संस्था आता ते चालवतात. त्यांच्या उजवीकडे सर, ज्यांच्या खुर्चीला टॉवेल होता. डावीकडे प्राचार्य, जे अखेरपर्यंत फक्त पंखा पाहत होते. आणि टोकाला एक तरुण विषयतज्ज्ञ, बाहेरगावाहून आलेला, चष्म्यामागे डोळे मिचकावणारा. कोपऱ्यात एक पांढरा फळा तीन पायांवर उभा होता, आणि त्यातला एक पाय आखूड होता.

माझ्या आधीचा उमेदवार बाहेर येताना हसत होता. मला म्हणाला, "पडद्याचाच विचारला. दोन मिनिटांत सुटला."

नाव, गाव, अनुभव झाला. मग सरांनी अपेक्षेप्रमाणे डोळे मिटले आणि प्रश्न सांगितला. डबा, पडदा, हेलियम. मी मार्कर उचलला.

आता जे झालं त्यात शौर्य अजिबात नाही. हात सवयीचा गुलाम असतो. इतकी वर्षं वर्गात हे गणित मी ज्या ओळीने सुरू करतो, ती ओळ हाताने लिहून टाकली, आणि त्या ओळीत भागाकाराच्या रेषेखाली एन फॅक्टोरियल उद्गारचिन्हासकट जाऊन बसला. मी तो पुसायला डस्टर शोधलं. डस्टर नव्हतं.

"ते खाली काय आहे?" सरांनी डोळे उघडले.

"एन फॅक्टोरियल, सर."

"कशाला?"

आता बोटाने पुसता आलं असतं. पण 'कशाला' हा प्रश्न मला वर्गात सगळ्यात जास्त आवडतो आणि तो फार क्वचित कोणी विचारतं. मी सांगायला लागलो. कण एकसारखे आहेत, त्यांच्यात भेद करता येत नाही, म्हणून अदलाबदल वेगळी मोजायची नाही. फळा डुगडुगत होता. मी एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने लिहीत होतो. आधीच्या आणि नंतरच्या एन्ट्रॉपीची वजाबाकी केली. एक एक पद कापलं गेलं. शेवटी बरोबरचं चिन्ह काढलं आणि त्याच्यापुढे शून्य लिहिलं.

अध्यक्षांनी फळा वरपासून खालपर्यंत पाहिला.

"एवढं लिहून शून्य आलं?"

"हो साहेब."

"मंगाच्या पोराचं तं काईतरी आलं होतं."

"टू एन के लॉग टू," सर म्हणाले. "तेच यायला पाहिजे."

"साहेब, दोन्हीकडे एकच वायू आहे. पडदा काढून काही बदलतच नाही, म्हणून शून्य."

अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. आतापर्यंतच्या उमेदवारांत त्यांना समजलेलं हे पहिलं वाक्य असावं. "काहून बदलत नाही? दोन ढिगांतली संत्री एका ठिकाणी टाकली तं बदलते ना. इकडची तिकडे जाते, तिकडची इकडे येते. एखादं नासकं असलं तं सारा ढीग जाते."

"संत्री वेगवेगळी असतात साहेब. हे अणू अगदी एकसारखे असतात."

"एकसारखं तं काईच नसते राजा. मी उभा जन्म संत्री पाहून राहिलो. दोन संत्री एकसारखी पाह्यली का कधी तुमी?"

"संत्री नाही. हेलियमचे अणू."

"ते पाह्यले का?"

"...नाही."

प्राचार्य सोडून सगळे हसले. मीही हसलो, कारण प्रश्न खरोखर चांगला होता आणि त्याचं उत्तर द्यायला एक सत्र लागलं असतं. सरांनी पुष्पगुच्छातलं एक पान तोडून त्याची घडी घातली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शिष्य वाया गेल्याचं दुःख होतं, आणि ते मला रागापेक्षा जड गेलं.

तेवढ्यात टोकाचा तरुण तज्ज्ञ पुढे वाकला. आल्यापासून त्याला माझी बाजू घ्यायची होती हे मला आता दिसत होतं. सर समोर असताना ती कशी घ्यावी ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याला एक युक्ती सुचली. मला चमकता येईल असा प्रश्न विचारायचा.

"म्हणजे अगदी काटेकोरपणे शून्य?" त्याने माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली, की घे संधी.

मी घेतली. खरं सांगायचं तर फार आनंदाने घेतली. इतकी वर्षं हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. मी म्हणालो, काटेकोर हिशेबात एक बारीक तुकडा उरतो. आपण फॅक्टोरियलसाठी जी नेहमीची अंदाजी रीत वापरतो, तिच्यात तो सोडून दिलेला असतो. पडदा काढल्यावर कणांची संख्या दोन्ही बाजूंना किंचित कमीजास्त होऊ शकते, त्याचा तो हिशेब. मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहूनही दाखवलं, अर्धा के लॉग पाय एन, पाय म्हणजे वर्तुळाच्या गणितातला. मुख्य पदांपुढे तो काहीच नाही, विहिरीपुढे दवबिंदूही मोठा म्हणावा लागेल, म्हणून शून्य म्हणायचं. तरुणाचे डोळे चमकले. तो "वा" म्हणालासुद्धा, हळू आवाजात.

"म्हंजे शून्य नाही," अध्यक्ष म्हणाले.

"तसं शून्यच साहेब, फक्त..."

"आत्ताच तं तुमी म्हटलं, काईतरी उरते."

"अगदी नगण्य."

"नगण्य म्हंजे शून्य का? व्यापारात नगण्य म्हनूनच माणूस बुडते."

सर जागे झाले. खरोखर जागे झाले, खुर्चीचा टॉवेल सरकला. "लॉग आला ना?"

"आला सर, पण तो लॉग वेगळा..."

"लॉग आला," सर समितीकडे वळून शांतपणे म्हणाले. "मी इतकी वर्षं तेच सांगतोय. उत्तरात लॉग येतो." मग माझ्याकडे वळून, वर्गात म्हणायचे त्याच मायेने, "येतं तुला. घाईत चुकतोस."

फळ्यावर एका बाजूला शून्य होतं, कोपऱ्यात लॉग होता, आणि माझ्या हातात मार्कर. मी त्या चौघांकडे पाहिलं. एकाला शून्य नको होतं, एकाला लॉग हवा होता आणि तो मिळाला होता, एकाला खरं माहीत होतं आणि तो नखं पाहत होता, आणि एक पंखा पाहत होता. आता मी काहीही म्हणालो असतो तरी ते तिसरं उत्तर झालं असतं. मी फळा सोडला. तो आखूड पायाकडे कलंडला आणि प्राचार्यांनी पहिल्यांदाच खाली पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात तरुण तज्ज्ञ माझ्यामागे आला. "मी तुम्हाला चान्स दिला होता," तो म्हणाला. आवाजात थोडी तक्रार होती.

"हो, दिसलं मला."

"तुम्ही नुसतं 'हो, शून्य' म्हणायला पाहिजे होतं."

"पण ते काटेकोरपणे शून्य नाही ना."

"नाही," तो म्हणाला. त्या गावात त्या दुपारी हे माहीत असलेली माणसं आम्ही दोघेच असू, आणि त्याने दोघांचंही काही भलं झालं नव्हतं. मग शिपाई त्याला पुढच्या उमेदवारासाठी बोलवायला आला.

घरी बायकोने पाणी दिलं आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"शून्य लिहून आले?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हंजे?"

मी तिला समजावून सांगितलं. विहीर, दवबिंदू, लॉग, सगळं. तिने पूर्ण ऐकून घेतलं, जे समितीने केलं नव्हतं. मग म्हणाली, "म्हंजे गुरुजीचं बी नाही लिहिलं, अन् आपलं बी धड नाही लिहिलं." तिसरीच्या वर्गावर इतकी वर्षं काढलेल्या बाईला सार काढायला जास्त वेळ लागत नाही. रात्री तिने भाकरी वाढताना भांडी जरा जोरात ठेवली. पुढे बरेच दिवस ती गाडीची वेळ विचारायची, तेव्हा माझ्याकडे पाहायची नाही.

मित्राने मात्र गाडीत सगळ्या डब्याला ऐकू जाईल असा निषेध केला. मूर्तिजापूरपर्यंत तो सरांच्या खानदानाबद्दल बोलला, तिथून पुढे माझ्या अकलेबद्दल. "तुले दोन रस्ते होते," तो म्हणाला. "सच बोलायचं, नाही तं झूट बोलायचं. तू डेसिमलमध्ये सच बोलला. अबे, इतकं खरं कोणाले पाहिजे असते?" मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. मला राग सरांचा येत नव्हता, अध्यक्षांचाही नाही. तो अर्धा के लॉग पाय एन मी कोपऱ्यात का लिहिला, नुसता तोंडाने का सांगितला नाही, याचा येत होता. मग लक्षात यायचं की तोंडाने तरी का सांगितला. असा तो राग अकोल्यापर्यंत पुरायचा.

निकाल लागला. माझ्या आधी आत गेलेल्या, दोन मिनिटांत सुटलेल्या उमेदवाराची निवड झाली. माणूस सभ्य आहे, भेटला तर आपणहून चहा पाजतो. त्याचा स्वतःचा विषय स्पेक्ट्रोस्कोपी. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर आपल्याला झेपणार नाही असं त्याने रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांना लेखी कळवलं, आणि प्राचार्यांनी ते मान्य केलं. त्या पेपरपुरता तासिका तत्त्वावर एक माणूस घ्यायचं ठरलं. त्याची रीतसर मुलाखत झाली, अनुभव आहे का विचारण्यात आलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी तो पेपर मी शिकवतो.